भिंतीबाहेरचा नळ

एप्रिल लागला की आमच्या रस्त्यावर कुडम उगवतात. कुडम म्हणजे घागरच, पण प्लॅस्टिकची. कुणाचा निळा, कुणाचा गुलाबी, आणि एक तर असा पोपटी की सकाळी सकाळी बघितला तर डोळे चुरचुरावेत. माणसं मागाहून येतात. आधी कुडम येऊन रांगेत बसतात. पाण्याची सरकारी लॉरी आठला येवो नाहीतर अकराला, पोपटी कुडम तिसरा म्हणजे तिसरा. त्याची मालकीण तेवढ्या वेळात मुलांना शाळेत सोडून येईल, इडलीचं पीठ दळून आणेल, नवऱ्याशी भांडून येईल. तिची जागा कुणी खात नाही. एखादीकडे जास्तीचा कुडम नसला तर ती वीट ठेवते. विटेलाही तोच मान. लॉरीवरून, ड्रायव्हरवरून, एकमेकींच्या सासरवरून कडाकडा भांडणं मी ऐकली आहेत, पण दुसरीचा कुडम मागे सरकवलेला पाहिलेला नाही. ह्या रांगेला ना अध्यक्ष, ना सेक्रेटरी, ना घटना.

मी ह्या रस्त्यावरच्या बारा फ्लॅटच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून रांग दिसते. गेली आठ वर्षं एप्रिलपासून पुढे मी गॅलरीत चहा घेत नाही. ऊन येतं म्हणून, असं बायको पाहुण्यांना सांगते. मी तिला सांगू देतो.

यंदाही कडुनिंबाला तुरे आलेत. ताडगोळेवाला पुलाखाली येऊन बसलाय. दुपारी तीनला समुद्रावरून वारा सुटतो म्हणतात. तो अख्खं चेन्नई ओलांडून आमच्या अंबत्तूरला पोहोचेपर्यंत दमून गरम झालेला असतो. पहिल्या मजल्यावरची मुलगी जिन्याच्या गार पायरीवर बसून परीक्षेचं काहीतरी मोठ्याने घोकत असते. पाण्याचा आणि परीक्षेचा, हे दोन हंगाम आमच्याकडे जोडीनेच येतात. तिच्या पुस्तकाला ओलांडून मी भाजीची पिशवी घेऊन वर जातो, आणि घोकण्याचा तो एकसुरी आवाज ऐकला की आठ वर्षांपूर्वीचा उन्हाळा अंगाला चिकटतो.

तेव्हा आमची मुक्ता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. इंजिनिअरिंग सोडून तिने राज्यशास्त्र घेतलं, ह्याचं दुःख मी नातेवाइकांसमोर मोठ्या मनाने लपवत असे. परीक्षा जवळ आली तशी तिला शिकवायची जबाबदारी मी अंगावर घेतली. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण सव्वीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये नोकरी केलेली. सरकार म्हणजे काय हे मला आतून माहीत आहे, अशी माझी समजूत. सरकारच्या पोटात राहणाऱ्या माणसाला सरकार दिसत नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

तिचा धडा होता, सरकारने काय करावं आणि काय करू नये. मी गॅलरीत खुर्ची टाकून सुरू व्हायचो. बघ, एक विचार म्हणतो, सरकार म्हणजे वॉचमन. फाटकाशी बसावं, चोराला आत सोडू नये, एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून द्यायला लावावं, आणि घरात कोण काय शिजवतं ते हुंगत फिरू नये. दुसरा म्हणतो, नुसतं फाटक राखून काय होणार, आतला माणूस उपाशी असेल तर स्वातंत्र्य घेऊन तो काय चाटणार. शाळा, दवाखाना, रेशन हे सरकारचंच काम. तिसरा म्हणतो, मुळात विहीर एकाच्या नावावर का? ती सगळ्यांची करा, मग दान-धर्माचा प्रश्नच उरत नाही. चौथा म्हणतो, सरकार हवंच कशाला, माणसं आपली आपण एकत्र येऊन ठरवतील. आणि पाचवा म्हणतो, सावकाश. घर, देऊळ, शेजार ह्या जुन्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना सांभाळत आल्या आहेत, त्यांच्या पायात सरकारने उगाच पाय घालू नये.

"बाबा, तू ह्यातला कोण?" मुक्ताने विचारलं.

मी घसा साफ करेपर्यंत वैशाली, म्हणजे बायको, आतून म्हणाली, "तुझे बाबा? पेपर वाचताना पहिले. दवाखान्याचं सरकारी कार्ड काढताना दुसरे. शेजाऱ्यांकडे हापूसची पेटी आली की तिसरे. आणि भांडी घासायची वेळ झाली की चौथे, आपलं आपण ठरवूया म्हणतात."

मी हसलो. खरं तर मी स्वतःला पहिल्या रांगेतला समजायचो. इथलं सरकार घरोघर फुकट मिक्सर देतं, पंखे देतं, म्हणून लोक आळशी झालेत, हे माझं आवडतं भाषण. ते मी कारखान्याच्या कँटीनमध्ये करायचो. सवलतीचा वडा खाता खाता.

आता कमलामामींबद्दल सांगायला हवं. टाळत होतो.

आमच्या इमारतीच्या भिंतीला लागून समोर एक ओटी असलेलं, मंगलोरी कौलांचं बुटकं घर आहे. तिथे त्या आणि त्यांचे यजमान राहायचे. घराणं तंजावूरकडचं, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं मराठी. मामी शाळेत शिक्षिका होत्या, मामा रेल्वेत. एकदा वैशाली भाजीच्या गाडीपाशी मुक्तावर मराठीतून ओरडत होती, तेव्हा पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "लेकरास बाजारांत रागें भरूं नये. तुम्हीं कुठले?" जुन्या पत्रातली मराठी, तमिळच्या हेलात. वैशाली रागवायची विसरली. तेव्हापासून आमची ये-जा. मी त्यांच्या बोलण्याला मनातून हसायचो, हेही सांगून टाकतो. सांगलीचा माणूस ना मी. माझी मुलगी तमिळमध्ये स्वप्नं बघते आणि ह्या बाईंनी इतक्या पिढ्या मराठी टिकवली, ह्याचा हिशोब माझ्या हसण्यात नव्हता.

त्या वर्षी मामांना अर्धांगवायू होऊन सात-आठ महिने झाले होते. ते खाटेवर. दिवसातून दोनदा अंग पुसायचं, चादरी धुवायच्या, कूस बदलायची. पाठीला जखमा झाल्या तर भरणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मामींना पाणी बाकीच्यांपेक्षा दुप्पट लागायचं आणि आणणाऱ्या त्या एकट्या. पण घरासमोर रस्त्यावर हातपंप होता. त्याचा आवाज मला अजून येतो. आधी कोरडं ठणठण, मग घशात काही अडकल्यासारखं खरखर, आणि मग पाणी पडल्याचा तो जाड, भरलेला आवाज. पहाटे तो आवाज आला की समजायचं, मामींनी दिवस सुरू केला.

आणि आमची बोअर आटली. असोसिएशनचा सेक्रेटरी मी. कुणी होत नव्हतं म्हणून झालो, असं मी सांगायचो; खरं म्हणजे लेटरहेडवर नाव आवडायचं. आम्ही बोअर आणखी खोल न्यायचं ठरवलं. दोन दिवस यंत्राचा धडधडाट, रस्ताभर राखाडी चिखल. पाणी लागलं तेव्हा नारळ मी फोडला. पंधरा दिवसांत रस्त्यावरचा हातपंप नुसताच ठणठणायला लागला. खरखरीच्या पुढे जाईना. योगायोग, असं आम्ही म्हणालो. जमिनीच्या पोटातलं कुणाला दिसतं?

मामी एका सकाळी आल्या. बरोबर रांगेतल्या दोघी होत्या, त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

"जोशीराव, एक नळ द्या. भिंतीच्या बाहेरून. सकाळीं अर्धा तास, पुष्कळ झालें," मामी म्हणाल्या. "कुलूप तुम्हींच लावा, किल्ली तुम्हांजवळच असूं दे. लॉरी दिवसाआड येते म्हणून सांगतात, चवथ्या दिवशीं येते. ह्यांची पाठ लाल झालीय."

"मी आहे ना, मामी. मीटिंगमध्ये घेतो," मी म्हणालो. मी आहे ना, हे शब्द मी फार सहज वापरतो.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. स्कूटर बाजूला लावून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. दिवसभराची उष्णता जमिनीतून वर येत होती. तळमजल्यावरच्या सेल्वी टीचर उभ्या राहिल्या. बुटक्या, बारीक आवाजाच्या. म्हणाल्या, "सार, पंप आपल्या बोअरमुळे गेला, हे सगळ्यांना कळतंय. म्हणून नळ दिला तर ती मदत नाही, भरपाई आहे." मी चपापलो. कारण नुकसान केलं तर भरून द्यावं, हे तर माझ्या लाडक्या पहिल्या विचारातच बसत होतं. चारच दिवसांपूर्वी मुक्ताला मी तेच समजावलं होतं, गॅलरीत, चहा पीत. तिसऱ्या मजल्यावरचे वेंकटेसन, निवृत्त अधिकारी, म्हणाले, "आज नळ मागतील, उद्या मोटर मागतील." हात वर झाले. एक घर गावाला गेलेलं. पाच नळाच्या बाजूने, पाच विरुद्ध. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला तेव्हा काय दिसलं, ते सांगतो. मला मामांची पाठ दिसली नाही. गच्चीवरची आमची टाकी दिसली, आणि सकाळी सव्वासातला, डोक्याला साबण लावलेला असताना, नळातून येणारा तो फुसफुस आवाज ऐकू आला. एवढंच. पण एवढंच सांगून माणूस सेक्रेटरी राहू शकत नाही. म्हणून मी बोललो. माझं तमिळ ऐकून लोक माझ्याशी इंग्रजीत बोलू लागतात, पण त्या दिवशी मला तमिळही साधलं. मी म्हणालो, प्रश्न एका नळाचा नाही, तत्त्वाचा आहे. पाणी पुरवणं हे सरकारचं काम. आपण ते अंगावर घेतलं की सरकार पाय पसरून झोपणार. आपण नळ देऊन ह्या लोकांचा हक्क मारतो आहोत, त्यांनी सरकारकडे मागायला हवं. म्हणजे बघा, पाच विचारांतल्या प्रत्येकाचं एकेक बोट मी घेतलं आणि त्यांची एक मूठ केली. दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. मी नळाच्या विरोधात हात वर केला.

नोंदवहीत ठराव लिहिणं माझ्याकडे. कारखान्यातली सवय, कुठलाही ठराव 'सर्वानुमते' असाच लिहायचा. मग पुढे कुणी कुणाचं नाव घेत नाही. सहा विरुद्ध पाच असं लिहिलं तर सहा माणसं उरतात. सर्वानुमते लिहिलं की एकही उरत नाही. सुवाच्य अक्षरात मी तसं लिहिलं आणि सेल्वी टीचरनी सही केली. एवढ्या लहान अक्षरात की नंतर मला ती शोधावी लागली.

दुसऱ्या दिवशी मामी ओटीवरच भेटल्या. मी म्हणालो, "मामी, मी फार बोललो हो. पण लोक ऐकेनात. माझं काही चाललं नाही."

ह्यातलं फार बोललो हे खरं होतं.

"परवा नाही," त्या म्हणाल्या, म्हणजे असू दे. "तुम्हीं आमच्यासाठीं बोललांत, तेंच थोर."

संध्याकाळी त्यांनी वाटीभर डांगर पाठवलं. उडदाचं पीठ दह्यात कालवून, वर मोहरी-मिरचीची फोडणी. आमच्याकडे आई करायची तसंच, थोडं हिंग जास्त. मी तळ पुसून खाल्लं. घशाशी अडकलं वगैरे काही झालं नाही. चांगलं लागलं, आणि तेच मला इतक्या वर्षांत पचलेलं नाही.

मे महिन्यात कत्तिरी सुरू झालं, इथल्या उन्हाळ्यातले ते सगळ्यात भाजणारे दिवस. आमची नवी बोअरही दम टाकायला लागली. मी काय केलं असेल? पाणी देणं सरकारचं काम, हे तत्त्व आता मला माझ्या बाजूने आठवलं. कारखान्यातल्या एकाचा मेहुणा कुठल्याशा कचेरीत होता. मी फोन केला, आम्ही कर भरतो वगैरे म्हणालो. आणि एका सकाळी सरकारी लॉरी आमच्या रस्त्यावर आली, रांगेपाशी तिचा वेग कमी झाला, बायका पदर खोचून उठल्या, आणि लॉरी वळून आमच्या फाटकात शिरली. जाड पाइप आमच्या जमिनीखालच्या टाकीत सोडला. क्लोरीनचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. बाहेर रांग जशीच्या तशी होती. एकही कुडम हलला नाही, वीटही नाही. ज्या रांगेचा नियम अडाण्यांनी कधी मोडला नव्हता, तो राज्यशास्त्र शिकवणाऱ्याने मोडला. आणि त्यांना मी अडाणी म्हणतोय, हे बघा. अजून जात नाही.

त्याच आठवड्यात मी फाटकावर नोटीस लावली. आवारातलं पाणी बाहेर नेऊ नये. खाली सही, तारीख, शिक्का.

चार दिवसांनी वॉचमन पेरुमाळने खालून हाक मारली. माझ्याच वयाचा माणूस, वर्षानुवर्षं फाटकाशी बसलेला. मी उतरलो तर मुक्ता फाटकात उभी, कमरेवर भरलेला कुडम, सलवार भिजलेली. परीक्षेचे दिवस, आणि ही रोज वाचून झालं की आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा एक कुडम मामींकडे पोहोचवत होती. वैशालीला माहीत होतं. मला नव्हतं, कारण त्या वेळी मी बातम्या बघायचो.

"सार, नोटीसवर सही तुमची आहे," पेरुमाळ म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला फक्त विचारायचं होतं.

"सोड तिला," मी म्हणालो. "आमच्या घरातलं पाणी आहे."

मुक्ता माझ्याकडे बघतही नव्हती. तिने पेरुमाळला विचारलं, "अण्णा, उद्या सेल्वी टीचर कुडम घेऊन निघाल्या तर त्यांनाही सोडाल?"

पेरुमाळने माझ्याकडे पाहिलं. मी नोटीसचा कोपरा दाबून चिकटवायला लागलो. तो सुटला नव्हता.

त्या संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली. मला वाटलं शंका विचारेल. ती म्हणाली, "सेल्वी टीचरनी सांगितलं, बाबा. पाच-पाच होते म्हणे." मी म्हणालो, "तुला कळणार नाही, ते सगळं एवढं सोपं नसतं." ती म्हणाली, "हं." आणि पुस्तक घेऊन आत गेली. उरलेला धडा तिने एकटीने वाचला. पेपरात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मार्क चांगले मिळाले. आता ती पुण्यात शिकवते, फोन दर रविवारी असतो, खूप प्रेमाचा असतो. शंका मात्र तिने मला परत कधी विचारली नाही.

मग पावसाळा आला, जमिनीत पाणी उतरलं, हातपंप पुन्हा खरखरीच्या पुढे गेला. सगळं विसरायला एवढं पुरतं. मामा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्या उन्हाळ्यामुळे नव्हे. असं मी स्वतःला सांगतो आणि ते खरं आहे. पण मला ते स्वतःला सांगावं लागतं, हेही खरं आहे. मामी दर दिवाळीला काहीतरी करून पाठवत राहिल्या. रस्त्यात नव्या कुणाची ओळख करून द्यायची झाली तर म्हणायच्या, हे जोशीराव, आम्हांसाठीं भांडले होते. मी नम्रपणे मान खाली घालायचो. नम्रतेला आणि लाजेला बाहेरून बघितलं तर एकच आसन लागतं.

ह्या आठ वर्षांत मी बरंच वाचलं. मुक्ताची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढून वाचली. प्रत्येक विचाराला मी शिक्षा करायला लावून बघितली. वॉचमनवाल्यांनी म्हटलं, नुकसान केलंस, भरून दे. कल्याणवाल्यांनी म्हटलं, आजारी माणसाचं पाणी होतं. विहीर सगळ्यांची म्हणणारे तर बोलायलाही तयार नव्हते. आपलं आपण ठरवू म्हणणाऱ्यांनी समोरची रांग दाखवली. जुनं जपा म्हणणारेही म्हणाले, शेजारधर्म नावाची गोष्ट आमच्याकडे सगळ्यात आधी येते. पाच जण, एकमेकांचं तोंड न बघणारे, आणि माझ्याबाबतीत मात्र सर्वानुमते. त्यांच्यातला एकही माझ्या बाजूने नव्हता, आणि मी त्या दिवशी पाचांच्याही नावाने बोललो होतो.

यंदा एप्रिलमध्ये पंप पुन्हा ठणठणायला लागला. मी मीटिंग बोलावली. दोन रात्री भाषण तयार केलं होतं. उभा राहिलो, म्हणालो, भिंतीबाहेर एक नळ द्यावा असं मला वाटतं. पुढचं वाक्य जुळवेपर्यंत वेंकटेसन म्हणाले, "एकच का? गर्दी होईल. दोन लावा." सगळ्यांनी हात वर केले. चहा यायच्या आत ठराव संपला. मला वाटलं होतं भांडण होईल, मी एकटा पडेन, निदान तेवढं तरी सोसायला मिळेल.

खुर्च्या आवरताना मी वेंकटेसनना म्हणालो, "तेव्हा तुम्ही विरोधात होतात."

"होतो," ते म्हणाले. "पण नक्की ठरलं नव्हतं माझं. तुम्ही इतकं जोरात बोललात, मला वाटलं तुम्हाला काहीतरी जास्त माहीत असेल."

नळ बसले. प्लंबरने भिंतीला दोन भोकं पाडली, अर्ध्या दिवसाचं काम. मुक्ताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मामींना सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगायचं काय, त्या शेजारीच राहतात, बघतीलच." ती म्हणाली, "नळाचं नाही विचारत."

परवा सकाळी पाणी सोडलं. मी खाली गेलो, कारण सेक्रेटरीने जावं लागतं. मामी रांगेत दुसऱ्या होत्या. आता वाकलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी नळाखाली कुडम ठेवला आणि मागच्या तरुण बाईला, ती नुकतीच लग्न होऊन आमच्या रस्त्यावर राहायला आलेली, तमिळमध्ये सांगायला लागल्या, हे सार ना, फार वर्षांमागेही आमच्यासाठी भांडले होते, पण ह्यांचं कुणी ऐकलं नाही. ती मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघून हसली.

मी मान खाली घातली नाही. म्हणजे घालणारच होतो.

"मामी, तसं नव्हतं," मी मराठीत म्हणालो. "तेव्हा पाच-पाच मतं पडली होती. उरलेलं एक माझं होतं. मी नको म्हणालो. लोक ऐकेनात हे मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पाणी कुडमात पडत होतं.

"कां?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. बस का आली नाही, असं विचारावं तसं.

माझ्याकडे आठ वर्षांची उत्तरं होती. "आमच्या टाकीतलं पाणी कमी झालं असतं म्हणून," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. कुडम नळाखाली सरळ करत म्हणाल्या, "हें मुक्तेस ठाऊक आहे?"

"आहे. तेव्हापासून."

"वैशालीस?"

"हो."

"त्या टीचरास? वॉचमनास?"

मी होकारार्थी मान हलवली. कुडम काठोकाठ भरून वाहायला लागला होता, त्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे मलाच तेवढें ठाऊक नव्हतें," मामी म्हणाल्या.

मी हो म्हणालो.